कुंपण नसलेलं फाटक

“‘एकोणीसशे तीन साली जेम्स हॅलोरन इथे पोहोचला, तेव्हा ही सगळी जमीन रिकामी होती,’” टेसनं वाचलं आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

“रिकामी?” आर्ची डूलन चहात बिस्कीट बुडवत म्हणाला. “मग आमची माणसं कुठे गेली होती? चहाला?”

मी पावाचं पीठ मळत होते. हसू आलं म्हणून हात थांबले. टेसचे कान लाल झाले आणि तिनं ती ओळ खोडली. पोरगी मनानं चांगली आहे. आमच्या मॅनेजरची, ग्रँटची, बायको. दोन वर्षांपूर्वी शहरातून आली आणि कर्ल्यू सोकच्या प्रेमात पडली. कर्ल्यू सोक म्हणजे हे आमचं स्टेशन, मैलोगणती पसरलेलं गुरांचं रान; त्याला एकशे वीस वर्षं झाली म्हणून तिनं इतिहास लिहायला घेतला होता. हॅलोरनच्या नातवंडांना तिनं पत्रावर पत्रं घातली. आर्चीला विचारायचं मात्र राहून गेलं होतं. त्याची आई, इथल्या मूळ लोकांपैकी, इथल्याच झऱ्याकाठी झाडाखाली जन्मली. तो स्वतः चाळीस वर्षं इथल्या गुराख्यांचा मुकादम होता. पण तो रोज माझ्याच स्वयंपाकघरात बसलेला असतो ना. जवळच्या माणसाला कोण विचारतं?

टेबलाच्या तिसऱ्या बाजूला क्लॅरी टॉनकिन बसला होता. स्टेशनचा कुंपणवाला. तारा ताणणं, खांब रोवणं, फाटकं बसवणं, एवढंच काम त्यानं बावन्न वर्षं केलं. आता गुडघ्यांनी दावा मांडला होता. सोमवारी मी त्याला गाडीनं मारी गावात सोडणार होते, तिथून त्याची भाची त्याला पोर्ट ऑगस्टाच्या वृद्धाश्रमात नेणार होती. त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. मी फक्त रोज त्याच्या आवडीचं काहीतरी करत होते, आणि तो न बोलता दुसऱ्यांदा वाढून घेत होता.

“पुढचं मजेशीर आहे,” टेस म्हणाली. “‘एकाहत्तर सालच्या डिसेंबरात मोठा घात झाला. फिरतीवरचे एक तरुण पाद्री, रेव्हरंड पेथिक, यांनी वाटेतलं उघडं फाटक चांगुलपणानं लावून टाकलं. पलीकडच्या बोअरपर्यंत गुरांना जाता येईना. त्रेसष्ट गुरं कुंपणाशी पाण्यावाचून मेली. तेव्हापासून कर्ल्यू सोकवर पाद्र्यानं फाटकाला हात लावायचा नाही, असा रिवाज पडला.’”

आर्ची खिडकीबाहेर बघत राहिला. क्लॅरीनं कप खाली ठेवला, उठला आणि बाहेर गेला. कपात अर्धा चहा तसाच. एकतीस वर्षांत या माणसानं माझ्या चहाचा एक थेंब टाकलेला मी पाहिला नव्हता.

आमच्याकडे देवाच्या दहा आज्ञा कुणाला पाठ नसतील, पण अकरावी लहान मुलांनाही येते. फाटक जसं सापडेल तसं सोडायचं. उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावलेलं. उघडं फाटक म्हणजे कुणाचा तरी आळस, असं शहरातल्या माणसाला वाटतं. इथे ते कुणीतरी विचार करून उघडं ठेवलेलं असतं, ढोरांना पाण्याची वाट असावी म्हणून. गाडीत दाराशी बसेल त्यानं उतरून फाटकं उघडायची-लावायची, हाही नियमच. म्हणून लबाड माणूस मधल्या जागेवर बसतो आणि भोळा दाराशी. क्लॅरी जन्मभर दाराशी बसला.

आणि आमचं एक खास फाटक आहे. मोठ्या रस्त्यावर, घरापासून तेरा किलोमीटरवर. त्याला कुंपण नाही. एकोणनव्वदच्या पुरात कुंपण वाहून गेलं, नवं कुंपण दुसऱ्याच बाजूनं घातलं, पण हे फाटक माळावर तसंच उभं राहिलं. क्लॅरीनं त्याला तेलपाणी केलं, रंग दिला, कडी बदलली. ते कायम लावलेलं असतं. दोन्ही बाजूंनी क्षितिजापर्यंत मोकळं रान, तरी टपालवाला थांबतो, उतरतो, फाटक उघडतो, गाडी पुढे घेतो, परत येऊन फाटक लावतो. विमानानं येणारी नर्ससुद्धा कधी रस्त्यानं आली तर तेच करते. मी ब्याण्णव साली इथे आले तेव्हा विचारलं होतं, की बाजूनं का जात नाही कोणी? सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बूट घालून गादीवर चढले होते. ग्रँट नवा असताना एकदा बाजूनं गेला. चाकांच्या खुणा क्लॅरीला दिसल्याच. तो काही बोलला नाही. मी ग्रँटला तीन दिवस थंड मांस वाढलं, चौथ्या दिवशी तो फाटकापाशी उतरायला शिकला.

तर असा हा फाटकांचा माणूस. चहा टाकून गेला, म्हणून मी हात पुसले आणि त्याच्या मागे गेले.

तो अवजारांच्या छपरात पालथ्या पिंपावर बसला होता. हातात तारेचा तुकडा, तो वाकवत आणि सरळ करत.

“काय झालं रे? पोट बिघडलं?”

“पाद्र्यानं नव्हतं लावलं ते, नोएलीन.”

“काय?”

“फाटक. मी लावलं होतं.”

मी शेजारच्या खोक्यावर बसले. गुडघे माझेही काही नवे नाहीत.

मग त्यानं सांगितलं, तारेकडे बघतच. वय एकोणीस. ॲडलेडहून जुन्या गाडीतून आला, टपावर वळकटी बांधून, एका हंगामासाठी. मंगळवारी दुपारी मोठ्या रस्त्यावरच्या त्याच फाटकापाशी पोहोचला, तेव्हा त्याला कुंपण होतं. फाटक उघडं, तारेनं खांबाला मागे बांधलेलं. त्याला वाटलं, काय ही माणसं, फाटक उघडं टाकून जातात. त्यानं तार सोडली, फाटक नीट लावलं, कडी घातली. नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी आपण काहीतरी शहाणपणाचं केलं म्हणून खूश होऊन शीळ घालत आला. बुधवारी पाद्री आला. शनिवारी गुरं सापडली.

“तेव्हाच्या मॅनेजरनं मला विचारलं होतं,” क्लॅरी म्हणाला. “‘तू आलास तेव्हा फाटक कसं होतं?’ मी म्हटलं, ‘उघडं होतं.’ खोटं नाही बोललो. उघडंच होतं. त्यानं पुढचं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. आणि मग सगळ्यांनी पाद्र्याला धरलं.”

“आणि तू?”

“मी त्या गुरांना पुरायला खड्डे खणले. दोन दिवस. सगळी कुंपणाशी डोकं लावून पडली होती गं. पाण्याच्या बाजूला तोंड करून.” त्यानं तार खिशात टाकली. “हंगाम संपला, पण जाववेना. म्हटलं, इथलं एक तरी फाटक आपल्या हयातीत चुकीचं राहू द्यायचं नाही.”

  मला त्याचा राग आला होता आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं, आणि दोन्ही एकदम करता येत नाही.

“पेथिक शनिवारी समारंभाला येतोय,” तो म्हणाला. “त्याच्यासमोर टेस हे वाचणार. नंतर पुस्तक छापणार. मग ते कायमचं झालं.”

“मग सांगून टाक.”

“बावन्न वर्षांनी?” तो हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. “मला इथे लोक कशानं ओळखतात? क्लॅरीच्या हातून फाटक चुकत नाही, एवढ्यानं. बायको नाही, पोरं नाहीत, घर कंपनीचं. तेवढं एकच घेऊन सोमवारी जाणार होतो.”

“आणि पाद्री काय घेऊन जाणार?”

तो उठून खांबांची थप्पी मोजायला लागला. मीही जाऊन पाव भट्टीत टाकला. तो पाव फुगला नाही, आणि त्याचा दोष मी क्लॅरीलाच देते.

शनिवारी दुपारी मोठ्या छपरात दोनशे माणसं जमली. शेजारीपाजारी, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आतले. मी पहाटेपासून उभी होते. खारवलेलं मांस, बीट, बटाट्याचं सॅलड, नारळाच्या चुऱ्यात घोळवलेले केकचे चौकोन तीन पराती भरून. बारा अंड्यांच्या पांढऱ्याचा माझा मोठा केक मधोमध खचला होता, त्यावर मी साय आणि फळं ओतून खड्डा बुजवला. इथल्या स्वयंपाकाचं अर्धं कौशल्य खड्डे बुजवण्यातच आहे.

पाद्री पेथिक आला तो टपालवाल्याच्या गाडीतून, मधल्या जागेवर बसून. ऐंशी वर्षांचा, वाळलेल्या शेंगेसारखा, डोक्यावर भलीमोठी टोपी. तो उतरला आणि नेहमीचं सुरू झालं.

“पाद्रीबाबा, फाटक लावलंत का?”

“लावलं असेल तर परत जाऊन बघून या.”

“स्वर्गाच्या दारालासुद्धा हात लावू नका हं, सेंट पीटर वैतागेल.”

तो हात हलवून हसत होता. बावन्न वर्षं प्रत्येक खेपेला हेच विनोद. त्या हसण्याला झिजलेल्या पायरीसारखा गुळगुळीतपणा आलेला मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला, आणि मी त्याच्याकडे पाठ करून परात पुसायला घेतली. कारण तो सेंट पीटरचा विनोद मूळ माझा होता.

टेसनं वाचायला सुरुवात केली. आता पहिलं वाक्य वेगळं होतं. ‘जेम्स हॅलोरन आला तेव्हा झऱ्याकाठी माणसं राहत होती आणि त्यांनी त्याला पाणी दाखवलं.’ आर्चीनं मान डोलावली. “आणि आभार मानायचं त्याचं अजून राहिलंय,” तो मोठ्यानं म्हणाला, आणि छप्पर हसलं. पवनचक्क्या आल्या, दुष्काळ आले, पूर आला. मग एकाहत्तर साल. लोक आधीच पाद्र्याकडे बघून खिदळायला लागले.

क्लॅरी उठला. त्याला उठायला वेळ लागतो, त्यामुळे हसणारे एकेक करत थांबत गेले आणि तो पूर्ण उभा राहीपर्यंत सगळे त्याच्याकडे बघत होते.

“ते चूक आहे, टेस,” तो म्हणाला. “फाटक मी लावलं होतं. मंगळवारी. पाद्रीबाबा बुधवारी आले. त्यांना ते लावलेलंच सापडलं. त्यांनी उघडलं आणि परत लावलं, नियमाप्रमाणे. चूक माझी. मी तेव्हा बोललो नाही.”

एवढंच. तो बसला नाही, उभाच राहिला, शाळेत उभं केल्यासारखा.   माझ्या हातात चमचा होता आणि तो कुठे ठेवावा मला सुचेना.

पाद्री पेथिकनं टोपी काढली.

“म्हणजे ते लावलेलं होतं?”

“हो.”

“मी पहिल्यांदा मॅनेजरला हेच सांगितलं होतं,” पाद्री हळूहळू म्हणाला. “लावलेलं होतं म्हणून. मग त्यानं दुसऱ्यांदा विचारलं. मग ओरडून तिसऱ्यांदा. तोपर्यंत माझीच खात्री गेली. मला एवढंच आठवत होतं की कडी मी माझ्या हातानं घातली.” तो क्लॅरीजवळ जाऊन उभा राहिला. “टॉनकिन, तुम्ही माझं फार मोठं नुकसान केलंय.”

“हो,” क्लॅरी म्हणाला.

“त्या एका पापावर मी पन्नास वर्षं प्रवचनं दिली. चांगुलपणानं केलेली चूक, तिचं ओझं, तिची क्षमा. माझं सगळ्यात चांगलं प्रवचन तेच. ब्रोकन हिलला बायका रडल्या होत्या. आता मी काय सांगू? की मी नियमानं वागलो? त्यावर कोण रडणार?”

मागून कुणीतरी फुसकन हसलं आणि मग सगळं छप्परच फुटलं. पाद्री हसत होता, आणि हे हसणं झिजलेलं नव्हतं. त्यानं क्लॅरीचा हात धरला. पुढचं त्यानं हळू म्हटलं, पण मी केक कापायला जवळच होते.

“मला वाटायचं ती त्रेसष्ट गुरं मी एकटाच वाहतोय. दोघं होतो तर.”

क्लॅरीनं त्याचा हात सोडला नाही. त्यानं नुसती मान हलवली, बराच वेळ.

“मला माहीत होतं,” आर्ची आपल्या खुर्चीतून म्हणाला.

सगळे वळले.

“त्या शनिवारी मॅनेजरबरोबर मीच गेलो होतो ना तिथे. पाद्रीबाबांचे बूट नवे, गुळगुळीत तळव्याचे. त्यांच्या खाली दुसरी पावलं होती, उजव्या टाचेला खिळा वर आलेला. असे बूट एकाचेच होते. त्या नव्या पोराचे.”

“मग बोलला का नाहीस?” मी विचारलं.

“कोणी विचारलंच नाही.” त्यानं टेसकडे बघून डोळा मारला. मग क्लॅरीकडे वळला. “मॅनेजर ओरडत होता आणि ते पोरगं न सांगता खड्डे खणत होतं. हाताची सालं निघाली तरी थांबेना. म्हटलं, याला हाकलून दिलं तर आपलं नुकसान. असा खणणारा परत मिळायचा नाही.”

“बावन्न वर्षं, आर्ची?” क्लॅरी म्हणाला. “एकदा तरी बोलायचंस.”

“तू तरी कुठे बोललास? मी म्हटलं, बघू कोण आधी दमतं.”

टेस पेन्सिल घेऊन उभी होती. “मग मी आता काय लिहू?”

“जे झालं ते लिही,” क्लॅरी म्हणाला. “नाव घालून. टॉनकिनमध्ये एकच एन नाही, दोन आहेत, तेवढं बघ.”

मग तो दोन तुकडे केक खाऊन तिसरा मागायला आला. मी त्याला मधला, खड्ड्यातला दिला, कारण सगळी साय तिथे होती.

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. क्लॅरीचं सामान म्हणजे एक पेटी आणि तीच वळकटी. निरोप वगैरे कुणी घेतला नाही. आर्ची पायरीवर बसून म्हणाला, “तिथे दारं आपोआप उघडतात म्हणे. तुझं कसं व्हायचं?” क्लॅरी म्हणाला, “शिकवीन त्यांना.” आणि दोघांनी एकमेकांकडे न बघता हात मिळवला. ग्रँटनं आमच्याबरोबर दाराशी बसायला एक माणूस देऊ केला होता, फाटकांसाठी. क्लॅरीनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. ग्रँट म्हणाला, “बरं, बरं.”

पहिली चार फाटकं क्लॅरीनंच उघडली-लावली. प्रत्येक वेळी दार उघडणं, आधी एक पाय, मग दुसरा, मग दाराला धरून सरळ होणं. मी रेडिओशी खेळत असल्यासारखं केलं. त्याच्याकडे बघितलं असतं तर मी रडले असते, आणि ते त्याला आवडलं नसतं.

मग ते फाटक आलं. लाल माळावर एकटंच, पांढऱ्या रंगाचं, दोन्ही बाजूंना काही नाही. मी थांबले. तो उतरला, कडी काढली, फाटक ढकललं. क्लॅरीची फाटकं कधी कुरकुरत नाहीत. मी गाडी पुढे घेतली, थांबवली आणि नेहमीप्रमाणे कडीच्या आवाजाची वाट बघत बसले.

आवाज येईना. मी आरशात पाहिलं. तो फाटक मागेपर्यंत घेऊन गेला होता, पार खांबापर्यंत. खिशातून त्यानं तारेचा तो तुकडा काढला, फाटकाभोवती आणि खांबाभोवती दोन वेढे घेतले, टोकं पिळली आणि आत दुमडली, कुणाला लागू नयेत म्हणून. मग एकदा हलवून बघितलं. घट्ट होतं.

तो येऊन बसला आणि दार ओढून घेतलं. धाप लागली होती.

“फाटक?” मी म्हटलं.

“मी आलो तेव्हा उघडं होतं,” तो म्हणाला. “चल आता.”

मारीला त्याची भाची आधीच येऊन थांबली होती. तिनं पेटी उचलली, वळकटी त्यानं दिली नाही. मी त्याला पावाची लादी दिली, सोमवारची, चांगली फुगलेली. तो म्हणाला, “ही जमली.” मी म्हटलं, “चालता हो.” एवढ्यावर आम्ही निभावलं.

परत येताना ऊन उतरलं होतं. त्या फाटकापाशी माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी थांबली. मी शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, कोणी उतरेना म्हणून. मग लक्षात आलं, फाटक उघडंच आहे, उतरायचं काही कारण नाही. तरी मी थोडा वेळ तिथे इंजिन बंद करून बसले. मग सावकाश, अगदी मधून, गाडी पुढे नेली.